दुरुस्त झालेली पार्वती: संवादांच्या पत्त्यांच्या एका संचाविषयी

दिवाळीच्या आधी कोथरूडमध्ये भरलेल्या एका प्रदर्शनातून मी चित्रपटांतील संवादांच्या पत्त्यांचा एक संच ५९९ रुपयांना विकत घेतला. हा संच पुण्यातच तयार होतो. दोन तरुण मित्र नोकऱ्या सांभाळून घरच्या घरी हा उद्योग करतात, आणि मला पुढे त्यातील चुकांविषयी बरेच सविस्तर लिहायचे असल्यामुळे संचाचे किंवा त्यांचे नाव येथे देत नाही. खोक्यात ९६ पत्ते, एक वाळूचे घड्याळ आणि घडी घातलेले नियमांचे पत्रक आहे. पत्त्याच्या एका बाजूस संवाद छापलेला असतो आणि दुसऱ्या बाजूस तो म्हणणाऱ्या पात्राचे रेखाचित्र, नाव, चित्रपट व वर्ष दिलेले असते. ६० पत्ते मराठी चित्रपटांचे आहेत, ३६ हिंदी चित्रपटांचे. एकाने संवाद वाचायचा आणि वाळू संपण्याच्या आत बाकीच्यांनी ओळखायचे, असा साधा खेळ आहे. चित्रपट ओळखला तर एक गुण, पात्र ओळखले तर दोन गुण, आणि संवाद त्याच्या मूळ ढंगात म्हणून दाखवला तर आणखी एक गुण मिळतो. हा शेवटचा गुण कोणी द्यायचा, हे पत्रकात कोठेही लिहिलेले नाही. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी आमच्या घरात जो वाद झाला, तो गाण्याच्या भेंड्यांत 'ळ' आल्यावर होतो त्या जातीचा होता.

खेळायला आम्ही चौघे बसलो होतो. माझी आत्या ७८ वर्षांची आहे. विजयानंद चित्रपटगृहात 'सांगत्ये ऐका' सव्वाशेहून अधिक आठवडे चालला, त्या काळात तिने तो आईबरोबर दोनदा पाहिला, आणि ही गोष्ट ती आम्हाला दर दिवाळीत सांगते. पुतण्या १९ वर्षांचा आहे. त्याला जुन्या मराठी चित्रपटांतील शंभर तरी वाक्ये तोंडपाठ आहेत, पण त्यांतील एकही चित्रपट त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला नाही, कारण ही सारी वाक्ये त्याच्यापर्यंत फोनवरच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांतून आलेली आहेत. तिसरी माझी पत्नी, आणि चौथा मी. माझे आयुष्य छापखान्यांची मुद्रिते तपासण्यात गेले, हे येथे सांगणे भाग आहे, कारण या संचातील सर्वांत मोठा दोष माझ्याच व्यवसायाने केलेला आहे.

दुसऱ्या फेरीत माझ्या पत्नीने एक पत्ता उचलला आणि स्वच्छ आवाजात वाचला: 'ही माझी बायको पार्वती.' वाळू निम्मी खाली गेली तरी कोणी बोलले नाही. आत्याने एखादा पौराणिक चित्रपट असावा असे समजून शंकराचे नाव घेऊन पाहिले. पुतण्या डोके खाजवत बसला. वेळ संपल्यावर पत्ता उलटला, तर मागे मिशीवाले धनंजय माने आणि त्याखाली 'अशी ही बनवाबनवी, १९८८' असे छापलेले. पुतण्या अक्षरशः ओरडला, "अरे, हा माझा बायको आहे ते! हा माझा!" ज्या मुलाने हे वाक्य हजार वेळा ऐकले होते, त्याला ते व्याकरण सुधारल्यावर ओळखू आले नाही.

पत्त्यावरील वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही, आणि नेमके तेथेच ते मेलेले आहे. लीलाबाई काळभोर यांना आपल्या घरात जोडपीच भाडेकरू म्हणून हवी आहेत, म्हणून परशुरामाची पार्वती होते आणि सुधीरची सुधा होते. घरमालकिणीपुढे ओळख करून देताना मान्यांच्या जिभेवर अजून खरा परशुराम आहे, त्यामुळे 'हा माझा' एवढे खरे बाहेर पडते आणि 'बायको'पासून सोंग सुरू होते. पुल्लिंग आणि स्त्रीलिंग यांची ती टक्कर म्हणजे संपूर्ण चित्रपट तीन शब्दांत आहे. वसंत सबनीसांच्या लेखणीची आणि अशोक सराफांच्या जिभेची ती कमाई कोणीतरी लाल शाईने शुद्ध करून टाकली. १९६६ च्या 'बीवी और मकान' या हिंदी चित्रपटावरून बेतलेली ही कथा मराठीत आपलीशी झाली, याचे एक कारण असेही असावे की पुण्यात भाड्याची खोली शोधत हिंडलेल्या प्रत्येकाला त्यातील घरमालक कोठेतरी भेटलेला असतो. निदान मला तरी दोन भेटले होते.

एकदा संशय आल्यावर मी सगळे पत्ते दिव्याखाली धरून तपासले, आणि असे अकरा पत्ते निघाले. त्यांतील सर्वांत वाईट पत्ता 'सामना'चा आहे. जब्बार पटेलांच्या १९७५ च्या या चित्रपटात विजय तेंडुलकरांनी मास्तरांच्या तोंडी एक प्रश्न दिला आणि तो चित्रपटाबाहेर पडून महाराष्ट्राच्या राजकारणात कायमचा वस्तीला आला. दारूने पोखरलेला, कधीकाळचा गांधीवादी मास्तर साखर कारखान्याच्या सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटलाला पुन्हा पुन्हा विचारतो, "मारुती कांबळेचं काय झालं?" पत्त्यावर मात्र छापले आहे: 'मारुती कांबळेचे काय झाले?' असे वाचले की एखाद्या कार्यालयाने दुसऱ्या कार्यालयाला स्मरणपत्र पाठवल्यासारखे वाटते. या लेखात मी स्वतः 'झाले' असेच लिहितो आहे, आणि तीस वर्षांत हजारो 'झालं' खोडून मी 'झाले' केलेले आहेत, पण श्रीराम लागूंच्या तोंडचे 'झालं' खोडण्याचा अधिकार मला नाही, आणि तो दुसऱ्या कोणालाही नाही.

आत्याने तरीही तो पत्ता जिंकला. तिने वाक्य ऐकले, क्षणभर थांबली, आणि मग मास्तरांच्या आवाजात न म्हणता आपल्याच आवाजात, हळू, जणू शेजारणीची चौकशी करावी तसे म्हणाली. ढंगाचा गुण द्यावा की नाही यावर मतभेद झाला. मी दिला.

खेळ पुढे गेला तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि या संचाचा खरा उणेपणा मला तेथे दिसला. आपल्या स्मरणात राहिलेल्या वाक्यांपैकी कितीतरी वाक्ये प्रश्न आहेत. 'धनंजय माने इथेच राहतात का?' हा प्रश्न नुसता कागदावर पाहिला तर टपालवाला रोज विचारतो तसाच आहे. तो विनोदी होतो, कारण ज्या भाड्याच्या जागेत मान्यांचाच जेमतेम निभाव लागतो आहे, तिच्या दारात लक्ष्मीकांत बेर्डे यांचा परशुराम निरागसपणे येऊन उभा राहिलेला असतो. १९७५ या एकाच वर्षाकडे पाहिले तरी मास्तरांचा मारुती कांबळे आहे, गब्बरचा 'कितने आदमी थे?' आहे, आणि 'दीवार'मध्ये विजय आपल्या इमारती, बंगला, गाडी, बँकेतील शिल्लक अशी सगळी यादी मोजून भावाला विचारतो तो प्रश्न आहे. त्या प्रश्नावाचून 'मेरे पास माँ है' हे वाक्य कोणत्याही मुलाने कोठेही म्हणावे इतके सामान्य आहे. शशी कपूर यांच्या वाट्याला चार शब्द आले आणि ते अजरामर झाले, याचे निम्मे श्रेय त्यापूर्वीच्या अमिताभ बच्चन यांच्या यादीला आहे. पत्त्यावर फक्त ते चार शब्द आहेत. यादी नाही, विजय नाही, कोणासमोर म्हटले ते नाही. ९६ पैकी एकाही पत्त्यावर समोरचे पात्र कोण, हे छापलेले नाही.

याचा परिणाम 'शोले'च्या पत्त्यात स्पष्ट दिसतो. पत्त्यावर लिहिले आहे: 'अरे ओ सांबा, कितने आदमी थे?' हे वाक्य सगळ्यांना माहीत आहे, पण ते चित्रपटात नाही. किती माणसे होती हा प्रश्न गब्बर हात हलवत परतलेल्या कालियाला विचारतो. सांबाला तो हाक मारतो ती वेगळ्या कामासाठी, सरकारने आपल्यावर किती इनाम लावले आहे हे सर्वांना ऐकवण्यासाठी, आणि उंच खडकावर बसलेला सांबा उत्तर देतो, 'पूरे पचास हजार'. मॅक मोहन यांचे लोकांच्या लक्षात राहिलेले वाक्य एवढेच, आणि तेवढ्यावर ते जन्मभर सांबा म्हणून ओळखले गेले. लोकांच्या तोंडी दोन प्रसंग एकमेकांत मिसळले, याला माझी हरकत नाही, कारण लोकांचे तोंड हा काही छापखाना नव्हे. मात्र पैसे घेऊन ओळखण्याचा खेळ विकणाऱ्याने मूळ वाक्य एकदा ऐकून पाहायला हवे होते. 'शोले'च्या बाबतीत तर ते अगदीच सोपे आहे. पॉलिडोरने त्या चित्रपटाच्या संवादांची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली होती, आणि आमच्या आळीतील गणपतीच्या मांडवात आरतीच्या आधी ती इतक्या वेळा वाजली की सलीम-जावेद यांचे शब्द आम्हाला श्लोकांसारखे पाठ झाले. पुतण्याला हे सांगितले तेव्हा चित्र नसताना नुसते संवाद ऐकायला लोक बसत होते, यावर त्याचा विश्वास बसेना.

तिसऱ्या संध्याकाळपासून आम्ही आमचा नियम केला. पात्र ओळखल्यावर, ते वाक्य कोणाला उद्देशून आहे हे सांगितले तर एक गुण, आणि त्यावर आलेले उत्तर सांगितले तर दोन. तेव्हापासून खेळाला खरी रंगत आली. 'तुम्हारा नाम क्या है, बसंती?' या पत्त्यावर पुतण्याला पहिल्यांदा कळले की जयने हा प्रश्न विचारण्यापूर्वी बसंतीने आपले नाव किती वेळा सांगून झालेले असते. त्या रात्री त्याने 'शोले' सलग पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला उठला, ही तक्रार माझ्या भावाची आहे, माझी नाही.

'धुमधडाका'च्या पत्त्यावर निर्मात्यांना मी दोष देणार नाही. पाइप ओढताना अशोक सराफांना जो ठसका लागतो, तो देवनागरीत कसा लिहावा याचा नियम कोणत्याही शुद्धलेखनाच्या पुस्तकात सापडणार नाही. पत्त्यावर 'व्याख्या विख्खी वुख्खू' असे आहे, पुतण्याच्या टी-शर्टवर निराळे आहे, आणि मला विचारले असते तर मी तिसरेच काहीतरी सुचवले असते. 'झपाटलेला'च्या तात्या विंचूचा पत्ता चांगला आहे. 'ओम फट् स्वाहा' वाचताच लहानथोर एका सुरात ओरडतात, आणि रेखाचित्रकाराने बाहुल्याचे डोळे असे काढले आहेत की रात्री तो पत्ता पालथा ठेवावासा वाटतो.

निळू फुले यांच्या पत्त्याने मात्र मला खरोखर वाईट वाटले. त्यावर 'बाई, वाड्यावर या' असे छापले आहे, पात्राच्या जागी 'पाटील' आणि चित्रपटाच्या जागी 'अनेक'. नकलाकारांनी रंगमंचावरून आणि दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचवलेले हे वाक्य, आणि एवढ्या मोठ्या नटाच्या नावावर संचात हा एकच पत्ता. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत, सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आलेला हा माणूस. 'सामना'त मास्तरांचा प्रश्न ज्याच्या अंगावर येतो तो हिंदुराव त्यांचाच आहे, पण समोरच्या पात्राला पत्त्यावर जागा नसल्यामुळे तेथेही ते नाहीत. 'सिंहासन'मधील पत्रकार दिगू टिपणीस तर एखाद्या वाक्यापेक्षा शेवटच्या त्या भेसूर हसण्यासाठी लक्षात राहतो. हसणे पत्त्यावर छापता येत नाही, हे मान्य आहे. पण 'अनेक' लिहिण्यापेक्षा तो पत्ता कोरा सोडला असता तरी चालले असते.

स्त्रीपात्रांचे पत्ते मी मोजले, ते अकरा आहेत. शुद्ध करून बिघडवलेलेही अकराच आहेत, हा योगायोग मला आवडला नाही. मुद्दाम वगळले असतील असे मला वाटत नाही, निवड बहुधा फोनवरच्या तुकड्यांवरून झाली आहे आणि त्या तुकड्यांत विनोद आणि धमक्या यांनाच जास्त जागा असते. 'उंबरठा'तील सुलभा महाजन अशा तुकड्यात मावत नाही. त्याहून मोठी उणीव मला पुणेकर म्हणून सलते. 'प्रभात'चा एकही पत्ता संचात नाही. कोल्हापूरहून १९३३ मध्ये ही कंपनी पुण्यात आली, तिच्या स्टुडिओच्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तेथून जवळच आहे, आणि पुण्यात बनलेल्या संवादांच्या संचाची सुरुवात मात्र जणू सत्तरच्या दशकात होते. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली गौरवलेल्या 'संत तुकाराम'मधील आवली हातात जोडा घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला देवळात जाते. भांडखोर, भुकेजलेली, नवऱ्यावर जीव असलेली ही बाई साऱ्या मराठी चित्रपटातील सर्वांत जिवंत पात्रांपैकी एक आहे, असे माझे मत आहे. आत्याला तिचा प्रसंग आठवत होता, वाक्य आठवत नव्हते. 'कुंकू'मधील नीराचेही तसेच. म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावलेली ती मुलगी नवऱ्याला नवरा मानायला नकार देते, आणि शांता आपटे यांच्या चेहऱ्यावरील तो नकार आत्याला अजून दिसतो. अशा पात्रांसाठी प्रसंग वर्णन करणारे दहा-बारा पत्ते पुढील आवृत्तीत घालायला हरकत नसावी.

वस्तू म्हणून संच बरा आहे. पुठ्ठा जाड आहे, खोके मजबूत आहे, रेखाचित्रे उत्तम आहेत. संवादांसाठी वापरलेला वळणदार तिरपा टंक दिसायला छान असला तरी आत्याला तो चष्मा लावूनही वाचता येईना, त्यामुळे वाचण्याचे काम तिच्याकडे कधीच आले नाही. आठवड्याभराच्या खेळात चार-पाच पत्त्यांचे कोपरे उकलले. खोक्यावर वाळूचे घड्याळ ३० सेकंदांचे असल्याचे लिहिले आहे. फोनवर मोजून पाहिले तर ते २२ सेकंदांत रिकामे होते, आणि माझ्या पत्नीच्या मते तिच्या पराभवाचे तेवढेच एक कारण आहे. चौघांपेक्षा कमी माणसांत हा खेळ रंगत नाही, आणि सगळे एकाच वयाचे असतील तरीही रंगत नाही. आजी, आई आणि नातू एका सतरंजीवर बसणार असतील तर ५९९ रुपये जास्त नाहीत.

खोक्यावरील क्रमांकावर मी फोन केला. पलीकडच्या तरुणाने अतिशय नम्रपणे सगळे ऐकून घेतले. 'सांबा'ची चूक त्याने लगेच मान्य केली. पार्वतीविषयी विचारले तेव्हा तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, "काका, आम्ही आधी बरोबरच लिहिलं होतं. पण छापायच्या आधी एका अनुभवी मुद्रितशोधकांना दाखवलं, तर त्यांनी सगळं तपासून दुरुस्त करून दिलं. आम्हाला वाटलं, एवढे मोठे आहेत, त्यांना काय सांगायचं." त्या अनुभवी माणसाचे नाव मी विचारले नाही. मी त्याच्या जागी असतो आणि संदर्भ न देता कोणी मला नुसती वाक्यांची यादी पाठवली असती, तर 'हा माझा बायको' माझ्या लेखणीतून सुटले असते याची मला खात्री नाही.

दुरुस्त केलेले, म्हणजे पुन्हा बिघडवलेले, अकरा पत्ते नव्या छपाईबरोबर पाठवतो असे त्याने सांगितले, त्याला आता दोन महिने झाले. पत्ते अजून आलेले नाहीत. तोपर्यंत मी माझी जुनी लाल लेखणी काढून 'ही माझी' वर काट मारली आणि समासात 'हा माझा' असे लिहिले. पत्त्यांवर गुळगुळीत लॅमिनेशन असल्यामुळे शाई टिकत नाही. दर खेळात चार हातांतून फिरून पार्वती पुसली जाते आणि पुन्हा शुद्ध होते, आणि पुढच्या खेळाला बसण्यापूर्वी मला तिला पुन्हा अशुद्ध करावे लागते.